पहिले शील आणि राखणीचे शेत



शेतात शिरून पीक खाणारे हरीण मारावे काय? प्रश्न एवढाच आहे. शहरात राहणाऱ्या माणसाला तो प्रश्नच वाटणार नाही. "मारू नये, पंचशील सांगते," असे म्हणून तो पुढे जाईल. मीही असाच पुढे गेलो होतो. पण मला थांबवले गेले, आणि थांबवले ते एका निरक्षर माणसाने. म्हणून हा लेख.

मी खराडीच्या बाजूला राहतो, शाळेत शिकवतो. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिला. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते मात्र कर्जत तालुक्यातील आमच्या मूळ गावीच राहिले. आजोबांनी फोडलेल्या गायरानाच्या दोन एकर तुकड्यावर ते शाळू ज्वारी आणि हरभरा पिकवतात. जवळच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. 1980 साली ते जाहीर झाले. क्षेत्र म्हणाल तर जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. काळवीट काही नकाशा वाचत नाही. माळावरचे गवत वाळले, की कळप रात्री बाहेर पडतो आणि ज्याचे शेत माळाला लागून आहे त्याच्या पिकात उतरतो. माळाला लागून शेत कोणाचे असते? ज्याला गावाने चांगली जमीन कधी दिली नाही, त्याचेच असते.

गेल्या वर्षी डिसेंबरात मी गावी गेलो होतो. तात्या रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवीत होते. सकाळी पाहतो तर हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून नेल्यासारखे खाल्लेले, आणि बांधाकडच्या पाच-सहा ओळी रानडुकरांनी मुळापासून उकरलेल्या. शेजारचा एक जण म्हणाला, "तात्या, तारंत करंट सोडा. एका रात्रीत काम भागतंय." दुसरा म्हणाला, "वाघरवाला बोलवू. मांस त्याचं, पीक तुमचं."

तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तू बुकं वाचतूस. सांग, मारू का नको?"

मी लगेच उत्तर दिले, "नको तात्या. पहिले शील मोडेल."

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझं शील खराडीत ऱ्हातंय. तिथं त्याला कोण खायला येत न्हाई."

बंधूंनो, त्या वाक्याने मला फार लाज वाटली. मी दिलेले उत्तर चुकीचे होते म्हणून नव्हे. ते उत्तर देताना माझे काहीच खर्च झाले नव्हते म्हणून. खराडी 1997 साली पुणे महानगरपालिकेत आली. जिथे ज्वारी-बाजरीची शेते होती तिथे आज काचेच्या इमारती आहेत. त्याच 1997 साली आपल्याच पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकारा हरणांसाठी मयुरेश्वर अभयारण्य झाले. इकडे आम्ही शेती विसरलो आणि तिकडे शेतकऱ्याच्या शेजारी हरीण राखले. आता राखणाऱ्याला उपदेश करायला आम्ही मोकळे!

कायदा काय म्हणतो?

भावनेच्या भरात बोलण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहू. कारण धम्म आपल्याला आधी पाहावयास शिकवतो, मग मानावयास.

1972 पूर्वी आपल्या देशात शिकार हा परवान्याचा विषय होता. परवाना काढावा, बंदूक घ्यावी, जनावर मारावे. संस्थानिक आणि साहेब लोकांची शिकार हा तर सोहळाच असे. जनावर उठवण्यासाठी हाकारे लागत. ते हाकारे गावोगावच्या गरिबांतून वेठीला धरून आणले जात. शिकार राजाची, कातडे राजाच्या भिंतीवर, आणि काट्याकुट्यांतून धावणारे पाय आमच्या आजा-पणजांचे! हेही विसरून चालणार नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हौसेच्या शिकारीला आळा घातला. हे चांगलेच झाले. काळवीट आणि चिंकारा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. अशा प्राण्याने पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी कायदा देत नाही. तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतो. तीही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तेव्हाच. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत मात्र कायदा थोडा सैल आहे. ते माणसाच्या जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका झाले असतील, तर अधिकृत अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. 2015 साली महाराष्ट्र शासनाने या दोन प्राण्यांसाठी अशा परवानगीची वाट मोकळी केली. त्याशिवाय केंद्र सरकार एखाद्या प्रदेशापुरते व ठरावीक मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी म्हणून जाहीर करू शकते. बिहारमध्ये असेच झाले. 2016 च्या जून महिन्यात मोकामा येथे बाहेरून आलेल्या बंदूकधाऱ्याकडून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आले, आणि त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत उघड वाद झाला.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने वन्य प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा होत नाही. पण मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. जीव वाचवण्याचा हक्क कायदा देतो, मांसाचा लाभ देत नाही. हे कलम लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

परदेशात वेगळी रीत आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी लांडगे संपवल्यावर हरणे बेसुमार वाढली. तेथे सरकारी जमिनीवर शिकारीचा हंगाम ठरतो, परवाने मोजून दिले जातात आणि अशा रीतीने कळप आवरला जातो. 1937 पासून तेथे बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठी वापरला जातो. तेथील लोकांना ही पद्धत मानवली असेल. परंतु आपल्याकडे जमीन, बंदूक आणि परवाना या तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हातात राहिल्या, याचा विचार केल्याशिवाय ती येथे आणा असे मी म्हणणार नाही.

एका जातककथेतील हरणे

हरणांचे आणि धम्माचे नाते जुने आहे. तथागतांनी पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदावात दिले. त्याच वाराणसीची एक कथा निग्रोधमिग जातकात आहे. जातके हा इतिहास नव्हे, त्या गोष्टी आहेत. गोष्ट म्हणूनच तिच्याकडे पाहू.

वाराणसीच्या राजाला रोज हरणाचे मांस लागे. शिकारीसाठी तो लोकांना कामधंदे सोडायला लावून सोबत नेई. लोक या वेठीला कंटाळले. त्यांनी राजाच्या उद्यानात चारा-पाणी केले, रानातली हरणे हाकून आत कोंडली आणि राजाला म्हणाले, "महाराज, आता आम्हाला सोडा." उद्यानात रोज बाण सुटू लागले. एक मरे, पण अनेक जखमी होत. तेव्हा दोन कळपांच्या म्होरक्यांनी ठरवले, की रोज पाळीने एकाने जाऊन मान ठेवावी. आजच्या भाषेत म्हणायचे तर, शिकारीचे नियमन झाले. एके दिवशी पाळी आली ती एका गाभण हरिणीची. तिच्या कळपाच्या म्होरक्याने तिला सूट दिली नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा म्होरक्या निग्रोध स्वतःच तिच्या जागी जाऊन उभा राहिला. राजाचे मन द्रवले. त्याने आधी त्या दोघांना, मग उद्यानातील सर्व हरणांना, मग साऱ्या प्राण्यांना अभय दिले.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. मूळ गोष्ट इथे संपत नाही! अभय मिळालेली हरणे लोकांच्या शेतात शिरून पीक खाऊ लागली. लोक राजाकडे गेले. राजा म्हणाला, "राज्य गेले तरी चालेल, दिलेला शब्द मोडणार नाही." हे निग्रोधाच्या कानी गेले. त्याने सर्व हरणे गोळा केली आणि परक्याचे पीक खाऊ नका म्हणून बजावले. लोकांनाही निरोप धाडला, की कुंपण घालू नका, शेताच्या कडेला पानांची खूण तेवढी बांधा.

गोष्ट सांगणाऱ्याने अडचण बरोबर ओळखली होती. राजाने करुणा केली, पण त्या करुणेचा खर्च राजाच्या कोठारातून गेला नाही. तो शेतकऱ्याच्या शिवारातून गेला. स्वतःचा शब्द त्याने दुसऱ्याच्या धान्यावर पाळला. म्हणूनच गोष्टीला निग्रोधाची पुन्हा गरज पडली.

आपल्या माळावर निग्रोध नाही. खरे हरीण पानांची खूण ओळखत नाही. मग त्याने करावयाचे काम कोणी करावे? ज्याने अभय दिले त्यानेच. अभय दिले शासनाने, म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, आणि त्यात शहरात राहून हरणांची छायाचित्रे पाहून आनंदणारेही आले. तेव्हा हरणाला आवरण्याचा आणि शेतकऱ्याचे भरून देण्याचा भार आपल्या सर्वांवर येतो. तो एकट्या तात्यांवर टाकणे ही करुणा नव्हे.

याच्या उलट सम्राट अशोक पाहा. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली, असे त्याने आठव्या शिलालेखात कोरविले. या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रातच, नालासोपाऱ्याला, 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. पहिल्या शिलालेखात तर तो आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी तेथे असंख्य प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही, आणि पुढे तेही बंद होईल, असे तो सांगतो. अशोकाने अहिंसेचा आरंभ स्वतःच्या ताटापासून केला, दुसऱ्याच्या ताटापासून नव्हे. आणि जे अजून पूर्ण झाले नव्हते, ते पूर्ण झाले असा आवही आणला नाही.

मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार फार स्पष्ट केला आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे ते सांगतात. नियम एक तर पाळता येतो, नाही तर मोडता येतो. तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक देते. आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत ते भेद करतात. तथागतांचा रोख इच्छेवर आहे. जिथे गरज नाही तिथे मारणे हीच हिंसा.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग झाले! मला गरज आहे, मी मारतो." थांबा. तत्त्वाची मोकळीक ही पळवाट नव्हे. नियम पाळणे सोपे असते, तत्त्व पाळणे अवघड असते, कारण तेथे स्वतःची कसून तपासणी करावी लागते. "गरज" हा शब्द फार लवकर जिभेवर येतो. प्रत्येक शिकाऱ्याला, प्रत्येक खाटकाला, प्रत्येक लढाई करणाऱ्या राजाला आपली गरजच वाटत आली आहे. म्हणून मी स्वतःला काही प्रश्न विचारले. ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न. मारल्याने नुकसान थांबते काय? एक काळवीट मारल्याने कळप थांबत नाही. कळप बाहेर का येतो? माळराने नांगरली गेली, लांडगा विष घालून आणि डांबून संपवत आणला, आणि कालव्याच्या उसाने रानडुकराला बारमाही आसरा दिला. ही कारणे तशीच राहिली, तर आज मारलेल्याच्या जागी उद्या दुसरा येईल.

दुसरा प्रश्न. इतर सर्व उपाय करून पाहिले काय? राखण, कुंपण, पिकाची फेरपालट, गावाने मिळून पाळीने जागणे, यांतले काहीही न करता थेट बंदुकीकडे जाणे ही गरज नव्हे. तो आळस किंवा राग आहे.

तिसरा प्रश्न. यात कोणाचा नफा आहे काय? ज्या क्षणी मांस विकले जाते, त्या क्षणी गरज संपते आणि लोभ सुरू होतो. कायद्याने मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरवला आहे, त्यामागील विचार मला म्हणूनच पटतो. "मांस त्याचे, पीक तुमचे" हा सौदा म्हणजे दुसऱ्याच्या लोभाला आपल्या अडचणीचा परवाना देणे होय.

चौथा प्रश्न. मरणार नक्की कोण? तारेत सोडलेला करंट हरीण आणि माणूस यांत भेद करीत नाही. रात्री पाणी धरायला आलेला शेजारी, गुरामागे धावणारे पोर, तेही त्याच तारेला चिकटते. अशा तारेने माणसे मेल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. तेव्हा करंट सोडणे कोणत्याही अर्थाने गरजेत बसत नाही.

या चार प्रश्नांवर घासून पाहिले, तर काळविटाला मारणे टिकत नाही. रानडुक्कर अंगावर आले आणि माणसाने जीव वाचवण्यासाठी त्याला मारले, तर ते टिकते. कायदाही तेच म्हणतो. आणि रानडुकरांच्या झुंडींनी एखाद्या गावचे पीक वर्षानुवर्षे उद्ध्वस्त केले, बाकीचे उपाय थकले, आणि शासनाने आपल्या माणसांकरवी, मोजून, उघडपणे त्यांची संख्या कमी केली, तर त्यालाही मी डोळे मिटून हिंसा म्हणणार नाही. त्यात आनंद नसावा, नफा नसावा, आणि निर्णयाची जबाबदारी कोणी टाळू नये. हातात बंदूक असलेल्याच्या मनात त्या वेळी काय आहे, हे मात्र कोणताही शासन निर्णय तपासू शकत नाही. तेथे शीलाचे काम सुरू होते.

खर्च कोणी सोसावा?

उरते ते तात्यांचे वाक्य. करुणेचा खर्च कोणी सोसावा?

पीक खाल्ले तर शासन भरपाई देते. तात्या अर्ज घेऊन गेले. "सातबारा आणा," असे त्यांना सांगण्यात आले. गायरानाचा सातबारा तात्यांच्या नावे कोठून येणार? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1959 साली आणि पुढे 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती याच पडीक जमिनींसाठी. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण तात्यांचा कागद अजून फिरतोच आहे. म्हणजे हरणाला त्या जमिनीवर चरण्याचा हक्क आहे, आणि तात्यांना त्याच जमिनीवर पीक गेल्याचे सांगण्याचा हक्क नाही!

मी हरणाचा हक्क काढून घ्या म्हणत नाही. दोघांचाही मान्य करा म्हणतो.

आणखी एका समाजाची आठवण केली पाहिजे. फासेपारधी बांधव पिढ्यान्‌पिढ्या फास लावून काळवीट आणि तितर पकडून जगत आले. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणातून पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 मध्ये तो कायदा गेला. 1972 च्या कायद्याने त्यांचा धंदा गेला. हरीण वाचवावे, हे योग्यच. पण ज्याच्या पोटावर पाय दिला, त्याला जमीन, शाळा, काम तितक्याच तत्परतेने दिले काय? राजाची हौस बंद झाली तर राजाचे काही बिघडत नाही. पारध्याचा फास बंद झाला तर त्याची चूल विझते. कायदा दोघांना एकाच मापाने मोजतो, आणि सापडतो तो बहुधा दुसराच.

एक उदाहरण मोठ्या अभयारण्याचेही आहे. सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर ठरवले गेले. त्यात गावेच्या गावे आणि खाजगी शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक नाराज झाले, आणि अखेर क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. एवढे होऊन माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला. लोकांना विश्वासात न घेता कागदावर काढलेली रेघ प्राण्यालाही वाचवत नाही, हा याचा धडा आहे.

आपण काय करावे?

नव्याने धम्मात आलेल्या आपल्या कुटुंबांनी या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ठेवू नये. बावीस प्रतिज्ञांत आपण प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन दिले आहे. ते वचन वाराणसीच्या राजासारखे पाळायचे, की निग्रोधासारखे, हे आपल्याला ठरवायचे आहे. राजाने दुसऱ्याच्या शिवारावर शब्द पाळला. निग्रोध स्वतः जाऊन उभा राहिला.

माझ्यापुरते सांगतो. नाताळच्या सुटीत मी पुन्हा गावी गेलो आणि आठ रात्री तात्यांसोबत माळ्यावर बसलो. थंडीने बोटे वाकत नव्हती. तिसऱ्या रात्री चांदण्यात कळप आला. पुढे काळा नर, मागे माद्या आणि दोन पाडसे. मी डबा वाजवायचे विसरलो. तात्यांनी वाजवला. कळप उड्या मारीत माळाकडे गेला. तात्या म्हणाले, "देखणं जनावर हाय. पर देखणं म्हनून पोट भरत न्हाई."

दिवसा आम्ही कागदांचे काम केले. आजोबांच्या काळच्या दंडाच्या पावत्या एका ट्रंकेत सापडल्या. जमीन किती वर्षे कसतो याचा तो पुरावा आहे. त्या जोडून दोन अर्ज लिहिले, एक जमिनीचा, एक पिकाचा. माळाला लागून शेत असलेल्या सात घरांनी पाळीने राखण करायचे ठरवले. सौर कुंपणाच्या अनुदानासाठी सामुदायिक मागणीही लिहिली. त्या कुंपणाचा झटका जनावराला हटवतो, मारत नाही. करंटची तार कोणी सोडली नाही. वाघरवाल्याला परत पाठवले. हरभरा निम्माच हाती आला, हेही सांगितले पाहिजे. अर्जांचे उत्तर अजून यायचे आहे.

निम्म्या हरभऱ्याचा तोटा तात्यांनी एकट्याने सोसू नये, म्हणून आम्ही शहरातल्या तिघा पुतण्यांनी बियाण्याचा खर्च वाटून घेतला. यात दानाचा मोठेपणा नाही. ते हरीण आम्हालाही हवे आहे, मग त्याच्या चाऱ्याचा आमचा वाटा आम्हीच द्यावयास हवा.

ज्यांची घरे गावात आहेत आणि मुले शहरात आहेत, अशी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. शहरातल्यांना माझे एवढेच सांगणे आहे. गावाकडच्या माणसाला शील सांगण्यापूर्वी त्याच्या बांधावर एक रात्र काढा, आणि त्याचा अर्ज लिहून द्या. मग सांगा. तेव्हा तो ऐकेल.

जय भीम!